चित्र होण्याआधीचे तास

भिंतीवर टांगलेल्या चित्रात आपल्याला फक्त त्याचा शेवटचा दिवस दिसतो. त्याआधीचे दिवस, कधीकधी महिने, वरच्या रंगाखाली झाकले गेलेले असतात. म्हणूनच चित्रकाराबद्दल आपल्याकडे एक समजूत पक्की बसली आहे, की त्याला स्फूर्ती येते, हात चालू लागतो आणि चित्र होते. गवयाबद्दल आपण असे कधी म्हणत नाही. पहाटेचा खर्ज, घोटून घोटून बसवलेले पलटे, गुरूसमोर वर्षानुवर्षे केलेली मेहनत या सगळ्याशिवाय गाणे होत नाही, हे गाणे न कळणाऱ्यालाही ठाऊक असते. चित्रकारालाही असाच रियाज लागतो आणि त्याचा मोठा भाग हात न हलवता करायचा असतो, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. स्टुडिओतल्या रोजच्या कामाचा गाभा पाहणे, निवडणे आणि नाकारणे हा आहे, असे मला वाटते. रंग लावणे हा त्यातला शेवटचा आणि बऱ्याचदा सर्वांत छोटा टप्पा असतो. स्फूर्ती खोटी आहे असे मी म्हणत नाही, पण ती या कामाच्या पोटातून येते. कामाआधी ती येईल म्हणून वाट पाहणाऱ्याकडे ती सहसा फिरकत नाही.

याचा एक चांगला पुरावा कॅनडात, टोरांटोच्या पश्चिमेला पन्नासेक किलोमीटरवर असलेल्या मिल्टनच्या परिसरात सापडतो. आज अनेक मराठी घरांना मिल्टन हे नाव ओळखीचे आहे ते तिथे राहायला गेलेल्या मुलाबाळांमुळे. 2001 च्या जनगणनेत जेमतेम 31 हजार वस्तीचे हे गाव 2021 मध्ये 1,32,979 लोकांचे शहर झाले होते. मात्र गावाच्या पश्चिमेला नायगारा एस्कार्पमेंटचा जो कडा उभा आहे तो बदललेला नाही. सुमारे सव्वासातशे किलोमीटर पसरलेल्या या चुनखडीच्या कड्याला 1990 साली युनेस्कोने जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. त्याच्या खडकांच्या फटींत खुरटलेले, वेडेवाकडे सीडर वृक्ष आहेत. त्यांतल्या काहींचे वय हजार वर्षांच्या वर आहे. रॅटलस्नेक पॉइंटवर उभे राहिले की गिधाडे डोळ्यांच्या पातळीवर घिरट्या घालताना दिसतात. वन्यजीवांचे जगप्रसिद्ध चित्रकार रॉबर्ट बेटमन 1985 पर्यंत मिल्टन ज्यात येते त्या हॅल्टन भागात राहत होते. पुढे ते पश्चिम किनाऱ्यावरच्या सॉल्ट स्प्रिंग बेटावर गेले, पण चित्रकार म्हणून ते घडले ते या कड्याच्या आणि इथल्या शेतांच्या संगतीत.

बेटमन यांचा जन्म 1930 साली टोरांटोत झाला. लहानपणी ते रॉयल ऑन्टारिओ म्युझियमच्या बाल निसर्गमंडळात जात. तिथे पक्षी पाहायचे, त्याची नोंद करायची आणि त्याचे चित्र काढायचे ही सवय लागली. महाविद्यालयात त्यांनी चित्रकला घेतली नाही, भूगोल घेतला. 1954 साली टोरांटो विद्यापीठाची पदवी मिळाली. चित्रकला ते संध्याकाळी कार्ल शेफर यांच्याकडे शिकत राहिले आणि नंतर जवळपास वीस वर्षे त्यांनी शाळेत शिकवले. बर्लिंग्टनच्या हायस्कुलात चित्रकला आणि भूगोल, मध्ये दोन वर्षे नायजेरियात भूगोल. 1957-58 मध्ये ब्रिस्टल फॉस्टर या मित्राबरोबर लँड रोव्हरमधून त्यांनी आफ्रिका, भारत, ब्रह्मदेश असा प्रवास केला आणि वाटेत दिसलेली दृश्ये गाडीच्या पत्र्यावरच रंगवली. नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रकार झाले तेव्हा ते 46 वर्षांचे होते. म्हणजे ज्या काळात त्यांची नजर तयार झाली तो काळ त्यांनी शाळेची घंटा, तपासायच्या वह्या आणि मुलेबाळे सांभाळून काढला. स्टुडिओतला वेळ हा त्यांना उरलेल्या तासांतून रोज काढावा लागला.

त्या वेळात ते करत काय? चित्राची सुरुवात प्राण्यापासून होईलच असे नसे. तरुणपणी ते फ्रान्झ क्लाइनसारख्या अमूर्त चित्रकारांच्या प्रभावाखाली होते. काळे-पांढरे मोठे आकार एकमेकांना कसे ढकलतात, रिकामी जागा किती बोलते, हे त्यांनी त्या टप्प्यात शिकून घेतले. 1962 साली अमेरिकेतल्या बफेलो शहरात अँड्र्यू वायेथ यांच्या चित्रांचे प्रदर्शन त्यांनी पाहिले आणि ते वास्तववादी शैलीकडे वळले. पण अमूर्ताचा धडा सुटला नाही. त्यांच्या चांगल्या चित्रात आधी एक रचना उभी राहते, बर्फाचा पट्टा, झाडाचा तिरपा बुंधा, धुक्याने पुसलेली क्षितिजरेषा, आणि मग त्या रचनेत प्राण्याला जागा मिळते. त्यासाठी लहान लहान कच्ची रेखाटने होतात. छायाचित्रे, रानात केलेली टिपणे, संग्रहालयातले पेंढा भरलेले पक्षी समोर येतात. प्रकाश कुठून येईल हे कळण्यासाठी मातीचे छोटे नमुनेही केले जातात. एका वेळी अनेक चित्रे चालू ठेवायची ही त्यांची रीत आहे. यामागे घाई नाही. एका चित्रापुढे अडले की ते बाजूला ठेवायचे, दुसऱ्यावर काम करायचे आणि काही दिवसांनी पहिल्याकडे परत यायचे. तेवढ्यात नजर त्या चित्राला परकी झालेली असते आणि सवयीमुळे न दिसणारी चूक परक्या नजरेला लगेच सापडते. जुने चित्रकार याच कारणासाठी चित्र आरशात पाहत किंवा उलटे करून ठेवत.

इथे साहित्याचाही मोठा वाटा आहे. बेटमन यांनी तैलरंग सोडून अॅक्रिलिक घेतले. तैलरंग वाळतो तो हवेतल्या ऑक्सिजनशी तेलाची प्रक्रिया होऊन. एकेक थर वाळायला दिवस लागतात, जाड थराला आठवडेही. अॅक्रिलिकमधले पाणी उडून गेले की उरलेल्या प्लॅस्टिकचा पापुद्रा बनतो. पातळ थर काही मिनिटांत वाळतो आणि मग पाण्याने सुटत नाही. त्यामुळे सकाळी रंगवलेल्या रानावर दुपारी पातळ दुधी रंगाचा हात फिरवून धुके आणता येते, ते जास्त झाले तर संध्याकाळी त्यावर पुन्हा गडद झाडी उभी करता येते. निर्णय बदलणे स्वस्त झाले. ज्याच्या हाताशी रोज तुटपुंजा वेळ आहे त्याला हे माध्यम सोयीचे पडते. पण सोय दुधारी असते. बदलायला सोपे असलेले चित्र कधी थांबवायचे हे ठरवणे अवघड होते आणि तो निर्णय कोणताही रंग घेऊन देत नाही, तो रोजच्या पाहण्यातूनच यावा लागतो.

पाहण्याला मी इतके महत्त्व देतो याचे कारण वायेथकडे पाहिल्यावर अधिक स्पष्ट होते. वायेथ यांनी आयुष्यभर दोनच ठिकाणे रंगवली, पेनसिल्व्हेनियातले आपले गाव आणि मेन राज्यातला उन्हाळ्याचा मुक्काम. हेल्गा नावाच्या शेजारणीची 1971 ते 1985 या काळात त्यांनी 240 च्या आसपास चित्रे आणि रेखाटने केली. एकाच माणसाकडे इतकी वर्षे पाहण्यासारखे काय असते, हा प्रश्न ज्याला पडतो त्याने कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांच्याकडे पाहावे. 1931 साली वारलेल्या या चित्रकाराने कोटितीर्थ तळ्याचे पाणी, काठावरची झाडे, त्यांवरचे ऊन पुन्हा पुन्हा रंगवले. तळे तेच, पण सकाळचे पाणी आणि संध्याकाळचे पाणी वेगळे आणि कालच्या संध्याकाळचे पाणी आजच्यासारखे नाही. रोज तिथे गेल्याशिवाय हा फरक दिसत नाही. मिल्टनच्या कड्याजवळच्या शेतातले जुने कुंपण, कोठाराच्या फळ्या, रस्त्याकडेला वाढणारे रानगवत हे बेटमन यांच्या चित्रांत ज्या बारकाईने येते, ती एका दिवसाच्या सहलीत मिळणारी नाही. 1982 साली त्यांनी रानातल्या पांढऱ्या फुलांच्या गर्दीत एक इवलासा पिवळा गोल्डफिंच रंगवला. त्यात पक्षी नंतर सापडतो, आधी फुलांच्या छत्र्यांची दाट जाळी दिसते. डोळ्याला वर्षानुवर्षे वळण लावल्याखेरीज असा क्रम सुचत नाही.

आता एक मोठा आक्षेप. वासुदेव गायतोंडे वर्षाला पाच-सहाच कॅनव्हास करत. 1924 साली नागपुरात जन्मलेला, गोव्यात आणि गिरगावच्या चाळीत वाढलेला आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला हा चित्रकार भारतीय कलेतल्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक आहे आणि तो महिनोन्‌महिने रंगाला हात लावत नसे. मग रोजच्या कामाची महती कुठे राहिली? प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या मुळाशी एक गृहीतक आहे, की काम म्हणजे रंग लावणे. गायतोंडे दिल्लीच्या निजामुद्दीनमधल्या खोलीत कोऱ्या कॅनव्हासपुढे तासन्‌तास बसून राहत. रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज आणि झेन विचार त्यांना जवळचे होते आणि आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणेही त्यांना मान्य नव्हते. त्या बसण्याला कोणी आळस म्हटले तर तो त्यांच्या पद्धतीचा अज्ञानातून आलेला अपमान ठरेल. रंग लावायची वेळ आली की रोलर, सुरी, ओल्या रंगावर दाबून उचललेले कागदाचे तुकडे अशा साधनांनी थरावर थर चढत. ओल्या तैलरंगावर कागद किती वेळ ठेवायचा, किती दाबायचा, कधी उचलायचा, यांत एका क्षणाचा फरक पडला तरी पृष्ठभाग बिघडतो. असा योगायोग ताब्यात ठेवायला फार तयारीचा डोळा लागतो. 1984 साली अपघात झाल्यावर त्यांचे मोठ्या कॅनव्हासवरचे काम काही वर्षे थांबले, तेव्हा त्यांनी कागदावर शाईची छोटी रेखाटने केली. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने 2014 साली त्यांचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा त्याच्या नावातच प्रक्रिया म्हणून चित्र आणि आयुष्य म्हणून चित्र असे दोन धागे गुंफले होते. पाच चित्रांचे वर्ष आणि पन्नास चित्रांचे वर्ष ही उत्पादनाची मोजमापे झाली, साधना त्यांनी मोजली जात नाही. माझ्या म्हणण्याला गायतोंडेंचे उदाहरण छेद देत नाही, उलट तेच त्याचा सर्वांत भक्कम आधार आहे.

रोज काय चालते याची लेखी साक्ष हवी असेल तर चित्रकार प्रभाकर बरवे यांच्याकडे जावे. नागावला जन्मलेल्या बरवे यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. तिथे कापडासाठी नमुने करायचे आणि घरी स्वतःची चित्रे, अशी त्यांची विभागणी होती. त्यांनी वर्षानुवर्षे रोजनिशा ठेवल्या. त्यांत घड्याळ, पान, शिंपला, फळ अशा साध्या वस्तूंची रेखाटने आणि त्यांच्या शेजारी त्या वस्तूंबद्दलचे विचार आहेत. ही वस्तू अवकाशात कुठे ठेवायची, तिची सावली तिच्यापासून सुटली तर काय होईल, दोन वस्तूंच्या मधल्या मोकळ्या जागेला वजन असते का, अशा प्रश्नांशी ते झटत राहिले. त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक 1990 साली आले. चित्रकाराने मराठीत आपल्या निर्मितीप्रक्रियेबद्दल इतक्या गंभीरपणे लिहिलेले दुसरे पुस्तक मला चटकन सांगता येणार नाही. बरवे यांच्या चित्रांतली ती विलक्षण शांत मांडणी, जिथे एखादे पान आणि एखादे घड्याळ शेजारी असूनही एकमेकांपासून मैलभर दूर वाटतात, ती या वह्यांत शेकडो वेळा तपासली गेली आहे. कॅनव्हासवर तिची अखेरची नोंद तेवढी झाली.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. रोज त्याच वेळी, त्याच जागी, तेच काम केले की हात सराईत होतो आणि सराईत हात साचा बनवतो. बेटमन यांच्यावर समीक्षकांनी हीच टीका केली. त्यांच्या चित्रांच्या मर्यादित प्रतींच्या छापील आवृत्त्या मोठ्या प्रमाणावर विकल्या गेल्या, घराघरांत लांडगे आणि गरुड टांगले गेले आणि कलाविश्वातल्या अनेकांनी याला सजावट म्हणून झिडकारले. ही टीका मी पूर्णपणे फेटाळणार नाही. त्यांच्या काही चित्रांत रुबाबदार प्राणी मधोमध आणि मागे सुरेख धूसर रान हा ठरलेला घाट दिसतो. ग्राहकाला ते आवडते हे माहीत असताना ते मोडणे कठीणच. पण दोष रोजच्या कामाचा आहे का? साचा तेव्हा तयार होतो जेव्हा रोजच्या कामातून नाकारणे निघून जाते आणि फक्त रंगवणे उरते. बाजाराची मागणी नेमके हेच करायला लावते. त्याच बेटमन यांनी 1989 साली व्हँकुव्हर बेटावरच्या कारमाना खोऱ्यातले प्राचीन जंगल आणि तोडून उजाड केलेली जमीन एकाच चित्रात आणली. पुढे मासेमारीच्या जाळ्यात अडकून मेलेले डॉल्फिन आणि अल्बट्रॉस रंगवले. ही चित्रे दिवाणखान्यासाठी केलेली नाहीत. त्या दिवसांत त्यांनी आपल्याच यशाला नाही म्हटले आणि ते म्हणता आले ते रोज स्वतःच्या चित्राची झाडाझडती घेण्याच्या सवयीमुळे, असे मला वाटते.

छायाचित्र पाहून रंगवणे म्हणजे नक्कल, असेही म्हटले जाते. छायाचित्र एकाच डोळ्याने, एकाच क्षणी घेतलेले असते. दहा छायाचित्रांतला एक पंख, संग्रहालयातले एक पीस आणि रानातल्या आठवणीतला एक प्रकाश यांतून चित्र होताना नक्कल कशाची करणार, हा प्रश्न उरतोच. त्यावर यापेक्षा जास्त शब्द खर्च करण्याची गरज नाही.

मात्र एक आक्षेप असा आहे ज्याला सहज उत्तर नाही. रोज स्टुडिओ हे सुख कोणाच्या वाट्याला येते? पोट भरायचे, घर चालवायचे, मग चित्र कधी काढायचे? शाळेत शिकवणारे बेटमन, विणकर केंद्रातले बरवे, जे. जे. मध्ये विद्यार्थी म्हणून पाऊल टाकून 41 वर्षे त्या वास्तूत घालवणारे आणि तरीही सतत स्केचबुक हातात ठेवून हजारो चित्रे करणारे महादेव विश्वनाथ धुरंधर, ही उदाहरणे सांगतात की नोकरी आणि चित्र एकत्र चालू शकतात. दिवसाचा एक तुकडा राखून ठेवला तर तो पुरतो. पण हे सगळे पुरुष आहेत हेही बघायला हवे. तो तुकडा राखताना घरातला स्वयंपाक, आजारपणे, मुलांची शाळा दुसऱ्या कोणाच्या तरी वेळातून होत होती. धुरंधरांची कन्या अंबिका धुरंधर यांनी जे. जे. चे शिक्षण पूर्ण केले, त्या काळात मुलीला हे मिळणे दुर्मीळ होते आणि मिळाले ते वडिलांच्या घरात कलेला प्रतिष्ठा होती म्हणून. स्टुडिओ म्हणजे उत्तरेचा उजेड येणारी मोठी खोली असे आपण समजतो. प्रत्यक्षात स्टुडिओ म्हणजे कोणी हाक मारणार नाही असा वेळ, आणि तो अजूनही सर्वांना सारखा मिळत नाही. रोजच्या साधनेचे गोडवे गाताना एवढे भान ठेवले नाही तर आपले म्हणणे अर्धवट राहील.

मिल्टनकडे पुन्हा वळायचे कारण आहे. बेटमन यांनी पाहिलेल्या हॅल्टनमधली बरीच शेते आता घरांच्या रांगांखाली गेली आहेत. गाव वीस वर्षांत चौपटीहून अधिक वाढले म्हटल्यावर हे व्हायचेच होते आणि त्या घरांत आपलीही माणसे राहतात. पण त्यामुळे रोज पाहून केलेल्या चित्रांना आणखी एक मोल आले आहे. कोठाराच्या फळ्यांवरची शेवाळाची छटा, कुंपणाला टेकलेले बर्फ, हे सगळे आता काही ठिकाणी फक्त चित्रात उरले आहे. आबालाल रहिमान यांचे कोटितीर्थही आज त्या रूपात कुठे आहे? कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात जाऊन पाहिले म्हणजे कळते.

मग ही साधना पुढच्या पिढीला दिसावी कशी? पूर्ण झालेली चित्रे संग्रहालयात जातात, लिलावात जातात, त्यांच्या किमती वर्तमानपत्रात छापून येतात. प्रक्रिया राहते ती स्केचबुकांत, रोजनिशांत, अर्धवट सोडलेल्या बोर्डांत आणि मागच्या बाजूला लिहिलेल्या तारखांत. बरवे यांच्या वह्या जपल्या गेल्या म्हणून 2019 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कलादालनात त्यांचे काम उलगडून दाखवणारे प्रदर्शन भरू शकले. महाराष्ट्रात ड्रॉइंग मास्तर म्हणून आयुष्य घालवलेल्या, पोर्ट्रेट आणि गणपती रंगवून संसार केलेल्या कितीतरी चित्रकारांच्या वह्या मात्र घर बदलताना रद्दीत गेल्या. ज्या घरात चित्रकार होऊन गेला आहे त्या घरातल्यांना, मग ते मिरजेत असोत की मिल्टनमध्ये, एवढीच विनंती आहे. त्या वह्या ओलीपासून आणि उन्हापासून दूर, आडव्या ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. पाने सुटी करू नका, क्रम मोडू नका, प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. आणि सांभाळणे शक्य नसेल तर आधी जवळच्या संग्रहालयाला किंवा कलामहाविद्यालयाला विचारा, रद्दीवाल्याला नंतर.